मृत्युपत्र आणि हयातीतील न्यास

मृत्युपत्र (इच्छापत्र) आणि हयातीतील खासगी न्यास (बोलीभाषेत 'ट्रस्ट') हे आपल्या मालमत्तेची मृत्यूनंतरची व्यवस्था लावून ठेवण्याचे भारतातील दोन कायदेशीर मार्ग आहेत. मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूनंतरच अमलात येते आणि तोपर्यंत त्याला ते केव्हाही बदलता किंवा रद्द करता येते. न्यासात मात्र मालमत्ता कर्त्याच्या हयातीतच विश्वस्तांच्या नावे होते व ते ती लाभार्थ्यांसाठी सांभाळतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत अनेक कुटुंबांची मुख्य मालमत्ता शेतजमीन असल्याने ही निवड प्रामुख्याने वडिलोपार्जित हक्क, कूळकायदा आणि महसुली नोंदी यांवर अवलंबून असते.

कायदेशीर आधार

मृत्युपत्रांना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. त्याच्या कलम ६३ नुसार मृत्युपत्र लेखी असावे लागते, त्यावर कर्त्याची सही किंवा अंगठा असावा लागतो आणि किमान दोन साक्षीदारांनी ते साक्षांकित करावे लागते. मुस्लिम व्यक्तींना मुस्लिम व्यक्तिगत कायदा लागू होतो. त्यानुसार वारसांच्या संमतीविना सामान्यतः एक तृतीयांश मालमत्तेपुरतेच मृत्युपत्र करता येते.

खासगी न्यासांना भारतीय न्यास कायदा, १८८२ लागू आहे. कलम ५ नुसार स्थावर मालमत्तेचा न्यास नोंदणीकृत लेखाने किंवा मृत्युपत्रानेच करता येतो. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवले जाणारे सार्वजनिक न्यास यांहून वेगळे असून त्यांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो.

न्यास रद्द करण्याची तरतूद कलम ७८ मध्ये आहे. मृत्युपत्राने निर्माण केलेला न्यास कर्ता स्वेच्छेने रद्द करू शकतो. हयातीत केलेला न्यास मात्र रद्द करण्याचा अधिकार लेखात स्पष्टपणे राखून ठेवलेला नसेल, तर तो सामान्यतः सक्षम अशा सर्व लाभार्थ्यांच्या संमतीनेच रद्द होऊ शकतो. त्यामुळे मुलांच्या नावे केलेला न्यास पुढे मतभेद झाले तरी कर्त्याला एकट्याने मागे घेता येत नाही.

अमेरिकेतील पद्धतीशी तुलना

परदेशस्थ मराठी कुटुंबांमार्फत हयातीतील न्यासाची कल्पना येथे अनेकदा परिचित होते. अमेरिकेत नॉर्मन डेसी यांच्या १९६५ मधील पुस्तकानंतर हा मार्ग लोकप्रिय झाला. प्रोबेटची, म्हणजे न्यायालयाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेण्याची, खर्चिक प्रक्रिया टाळणे हा त्यामागील मुख्य हेतू होता. मोठ्या मालमत्तेच्या बाबतीत वारसा कराचाही विचार केला जातो.

ही दोन्ही कारणे सातारा-सांगलीत फारशी लागू होत नाहीत. हे जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्राबाहेर असल्याने हिंदू व्यक्तीने तेथे केलेल्या व तेथील स्थावर मालमत्तेपुरत्या मृत्युपत्रास प्रोबेटची सक्ती आधीपासूनच नव्हती. भारतातील मृत्यूनंतरचा संपदा शुल्क कर १९८५ मध्ये रद्द झाला आहे.

वडिलोपार्जित जमीन

कोणत्याही मार्गाने व्यक्तीला केवळ स्वतःच्या हिश्शाचीच व्यवस्था लावता येते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही सहदायिकीत जन्मतः हक्क मिळाला. विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्यासाठी दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असणे आवश्यक नसल्याचे स्पष्ट केले. सातबाऱ्यावर एकट्या वडिलांचे नाव असले, तरी तेवढ्याने मुलीचा हिस्सा मृत्युपत्राने किंवा न्यासाने मुलांकडे वळवता येत नाही.

वाटप न झालेल्या हिश्शाबाबत दोन्ही मार्गांत मोठा फरक आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० नुसार असा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. हयातीत मात्र इतर सहदायादांच्या संमतीविना त्याचे बक्षीस करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये म्हटले आहे. मोबदल्याविना केलेल्या न्यासासही हीच अडचण येते. म्हणून न्यास करण्यापूर्वी वाटप पूर्ण करणे आवश्यक ठरते.

कूळकायद्याची बंधने

महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ नुसार परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याकडे शेतजमीन हस्तांतरित करता येत नाही. विश्वस्त शेतकरी नसल्यास न्यासासमोर हा प्रश्न उभा राहतो. कूळहक्काने खरेदी झालेल्या जमिनींवर कलम ४३ ची बंधनेही असतात. मूळच्या याच कायद्याच्या गुजरातेतील तरतुदींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये असा निर्णय दिला, की मृत्युपत्राचा आधार घेऊनही बिगरशेतकऱ्यास शेतजमीन देता येत नाही. त्यामुळे सातबाऱ्यावरील भोगवटादार वर्ग आणि 'इतर हक्क' या रकान्यातील नोंदी आधी तपासल्या जातात.

खर्च, नोंदणी आणि सिद्धता

मृत्युपत्रास मुद्रांक शुल्क लागत नाही आणि त्याची नोंदणीही ऐच्छिक आहे. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवता येते किंवा बंद लखोट्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते. स्थावर मालमत्तेच्या न्यासलेखास मात्र नोंदणी अनिवार्य असून मुद्रांक शुल्कही लागते. पुढे हिशेब, विवरणपत्रे व विश्वस्तांच्या बदलांची जबाबदारी येते.

मृत्युपत्राची कमकुवत बाजू ते सिद्ध करताना दिसून येते. वाद झाल्यास हयात व उपलब्ध साक्षीदारांपैकी निदान एकाची साक्ष घ्यावी लागते. कर्त्याचे आजारपण, लाभार्थ्याचा मृत्युपत्र करण्यातील पुढाकार किंवा एखाद्या वारसास अकारण वगळणे या बाबी संशयास्पद मानल्या जाऊ शकतात. नोंदणीने हा संशय कमी होतो, पण पूर्णपणे दूर होत नाही. मृत्युपत्रावरून तलाठ्याकडे फेरफार नोंद करता येते. मात्र ही नोंद महसुली प्रयोजनासाठी असते व मालकीचा वाद दिवाणी न्यायालयातच मिटतो.

बँक ठेवी, समभाग किंवा सहकारी संस्थेतील भागांसाठी केलेले नामनिर्देशन मृत्युपत्राची जागा घेत नाही. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये नामनिर्देशित व्यक्ती केवळ त्या कारणाने समभागांची मालक ठरत नाही, असा निर्वाळा दिला.

न्यासाची उपयुक्तता

लाभार्थी मतिमंद किंवा अज्ञान असेल, अथवा कर्ता स्वतः स्मृतिभ्रंशामुळे व्यवहार पाहू शकणार नसेल, तेव्हा न्यास उपयोगी ठरतो. मृत्युपत्र कर्त्याच्या आजारपणात काहीच करू शकत नाही. आधी केलेल्या न्यासातून मात्र विश्वस्त खर्च भागवू शकतात. यासाठी घर, ठेवी व रोखे यांसारखी मालमत्ता शेतजमिनीपेक्षा सोयीची असते.

मृत्युपत्रातूनच न्यास निर्माण करणे हा तिसरा मार्ग आहे. टाटा कुटुंबात यांपैकी दोन्ही प्रकार आढळतात. सर रतन टाटा यांचे १९१८ मध्ये निधन झाल्यावर त्यांच्या मृत्युपत्रानुसार १९१९ मध्ये न्यास स्थापन झाला, तर सर दोराबजी टाटा यांनी १९३२ मध्ये निधनापूर्वी स्वतःच न्यास केला. हे दोन्ही न्यास धर्मादाय असले, तरी खासगी न्यासातही हीच निवड करता येते. मृत्युपत्रातील न्यासामुळे कर्त्याचा मालमत्तेवरील ताबा अखेरपर्यंत राहतो आणि परावलंबी वारसाचीही सोय होते.