सोलापुरात हत्ती निवडून आला तेव्हा

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत डॉ. बाबासाहेब उत्तर मुंबईत पडले. काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांनी त्यांना हरवले, ही जखम आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पण त्याच निवडणुकीत सोलापूरने शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस पां. ना. राजभोज यांना लोकसभेत पाठविले, हे मुलांना कोण सांगतो? सबंध देशातून फेडरेशनचे दोनच खासदार निवडून आले. एक हैदराबाद राज्यातल्या करीमनगरचा, दुसरा आपल्या सोलापूरचा!

त्या वेळी सोलापुरातून दोन खासदार निवडले जात. एक सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते असत, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. म्हणजे राखीव जागेचा खासदारही सर्व समाजांच्या मतांवर ठरे. दुसऱ्या जागेवर शेकापचे शंकरराव मोरे आले. शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, त्यावर चिन्ह. अक्षरओळख नसलेल्या आयाबायांनीही हत्तीची पेटी अचूक ओळखली. घरात नव्वदी ओलांडलेले कुणी असेल तर जरूर विचारा.

पुढे दोन खासदारांची पद्धत १९६१ च्या कायद्याने गेली. १९६२ ला मडेप्पा काडादी आले, मग सुरजरतन दमाणी तीनदा, कुचन आणि सादूल दोनदोनदा, सारे काँग्रेसचे. १९९६ ला लिंगराज वल्याळांनी भाजपचे खाते उघडले. राखीव जागा शेजारच्या पंढरपुरात होती. तिथून रिपब्लिकन पक्षाचे रामदास आठवले १९९९ व २००४ ला जिंकले. सोलापूर पुन्हा राखीव झाले ते थेट २००९ ला, आणि सुशीलकुमार शिंदे निवडून आले.

आता २०१९ चा हिशेब बघा. भाजपचे जयसिद्धेश्वर स्वामी ५,२४,९८५. शिंदे ३,६६,३७७. वंचित बहुजन आघाडीकडून उभे राहिलेले बाबासाहेबांचे नातू अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर १,७०,००७. दुसऱ्या-तिसऱ्याची बेरीज पहिल्यापेक्षा ११,३९९ ने जास्त भरते. यावरून मते कुणी फोडली, हा वाद घरोघरी झाला. आमच्या मते, मते कुणाच्या मालकीची नसतात. युती निवडणुकीआधी करायची असते. दोन मतांची सोय तर केव्हाच गेली होती.

२०२४ ला काँग्रेसच्या प्रणिती शिंदे ७४,१९७ मतांनी जिंकल्या. सोलापूरच्या त्या पहिल्या महिला खासदार.