अंधाराचं भाडं

तंबू कुठे ठोकावा याबद्दल माझं मत ठाम आहे: दुसऱ्याच्या शेतात, त्याला विचारून, जंगलाच्या कडेला. ऐन जंगलात रात्री आपलं काही काम नसतं, आणि हॉटेलातच झोपायचं तर घर काय वाईट? शेताच्या बांधावर मात्र एका कानाला भाकरी थापल्याचा आवाज येतो आणि दुसऱ्या कानाला रातव्याची टकटक. सह्याद्रीत अशा जागा पुष्कळ. कोयनेच्या पाण्याकाठी बामणोली-तापोळा आहे, भीमाशंकरच्या कुशीतली गावं आहेत. पण माझा जीव अडकलाय तो अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या आसपास. तोही मे अखेरपासून मृगाचा पाऊस नीट लागेपर्यंत.

आधी कर्तव्य म्हणून माहिती उरकतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे ३६२ चौरस किलोमीटर. १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, रतनगड, सांदण दरी, सगळं याच पट्ट्यात. प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरं झालं. इथली वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात शिरायला परवानगी लागते आणि जंगलाला धोका होईल अशी आग पेटवायला बंदी आहे. शेतावर पाहुणे ठेवण्यासाठी राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. झालं. आता काजवे.

वळवाची एखादी सर पडून गेलेली असावी, हवा दमट असावी, वारा पडलेला असावा आणि शक्यतो अमावास्या जवळ असावी. सातच्या पुढे बांधाच्या गवतात एखादी ठिणगी उडते. मग दुसरी. तासाभरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशी झाडं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लुकलुकायला लागतात. सगळीच झाडं नाहीत हं! एक सादडा भरगच्च आणि शेजारचा आंबा कोरा, असं का, याचा विचार करत मी कित्येक रात्री मान दुखेपर्यंत उभा राहिलो आहे. भरलेल्या झाडावर चमक लाटेसारखी धावते: खालच्या फांद्या पेटतात, मग मधल्या, मग शेंडा, आणि क्षणभर सगळंच मिटतं.

काजवा माशी नव्हे, भुंगेऱ्यांच्या कुळातला कीटक. त्याच्या पोटाच्या टोकाशी लुसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. लुसिफरेज या विकराच्या मदतीने त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की प्रकाश पडतो, आणि त्या प्रकाशात उष्णता जवळजवळ नसतेच. उडणारे, चमकणारे बहुधा नर. माद्या खालच्या झुडपांत, गवतात बसून उत्तर देतात. एका घरी मुक्कामाला असताना मी ओसरीवरचा बल्ब चालूच ठेवला होता, तेव्हा घरच्या आजी आतून म्हणाल्या, "दिवा घालव रं बाबा, त्यांची लगनं लागत्यात." प्राणिशास्त्राच्या पुस्तकात हेच पानभर लिहिलेलं असतं.

झाडावरचा हा सोहळा काजव्याच्या आयुष्याचा अगदी शेवटचा तुकडा. पंख फुटल्यावर तो दोन-तीन आठवडेच जगतो. त्याआधी वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ, तो अळीच्या रूपात ओल्या मातीत आणि पाचोळ्याखाली असतो. ही अळी पक्की शिकारी. गोगलगायीला दंश करून ती बधिर करते आणि सावकाश खाते. अळीही मंद उजळते. पावसाळ्यात बांधाच्या कडेला हिरवट ठिपका सरपटताना दिसला तर तीच ती. म्हणजे झाडावर दिसतं ते सारं त्याच झाडाखालच्या मातीने पोसलेलं असतं. गाडी झाडाखाली लावली, पाचोळा झाडून तंबू ठोकला, गवत तुडवत फोटो काढले, की गवतातली मादी, तिची अंडी आणि पुढच्या वर्षीचे काजवे एकदमच पायाखाली येतात.

इथे थोडं लांब जातो. अमेरिकेत टेनेसीच्या बाजूला ग्रेट स्मोकी माउंटन्स या राष्ट्रीय उद्यानात एल्कमाँट नावाची जागा आहे. तिथले काजवे एकाच ठेक्यात चमकतात. ते बघायला इतकी गर्दी लोटायला लागली की आता गाड्यांचे परवाने सोडतीने वाटतात. टॉर्चवर लाल किंवा निळा पातळ कागद लावा आणि झोत जमिनीकडे ठेवा, असं तिथे बजावतात. काजव्यांच्या अभ्यासक सारा लुईस यांनी सहकाऱ्यांबरोबर जगभरच्या काजवा-अभ्यासकांची मतं गोळा करून २०२० मध्ये प्रसिद्ध केली. काजव्यांना सर्वांत मोठा धोका अधिवास जाण्याचा, आणि त्याच्या मागोमाग कृत्रिम प्रकाश व कीटकनाशकं, असा त्यांचा निष्कर्ष. आपल्याकडेही वन विभागाने काजव्यांच्या दिवसांत रात्रीच्या प्रवेशावर बंधनं घातली आहेत. त्यावर कुरकुर करणारे मला भेटतात. माझ्या मते ती अजून कडक हवीत.

आता तंबू. जूनच्या तोंडावर भातखाचरात तंबू लावू नये. ते सपाट दिसतं म्हणून मोह होतो, पण खाचर मुळात पाणी अडवण्यासाठीच बांधलेलं असतं; वळवाची एक सर आली की अंथरुणाखाली तळं. घरामागचं खळं उत्तम. चोपून घट्ट केलेल्या जमिनीत खुंट्या शिरत नाहीत, तेव्हा दोऱ्या दगडांना बांधायच्या. वाळकी फांदी डोक्यावर नको. चेन कायम ओढलेली हवी आणि सकाळी बूट झटकूनच पाय घालायचा, कारण विंचवालाही कोरडी जागा आवडते.

याच सुमाराला राब भाजण्याचं काम संपत आलेलं असतं. शेताच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरून जाळतात आणि पाऊस पडला की तिथे भाताचं, नागलीचं रोप करतात. एकदा शेजारच्या तंबूतले गृहस्थ धूर बघून वणवा लागला म्हणून फोन शोधायला लागले. यजमानांनी त्यांना हाताला धरून राबापाशी नेलं आणि संध्याकाळी त्याच शेतातल्या जुन्या तांदळाचा भात वाढला. गृहस्थ भाताची चौकशी करत उशिरापर्यंत चुलीजवळून हलले नाहीत. या तालुक्यात जुनी वाणं अजून टिकून आहेत. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना बियाणं जपण्याच्या कामासाठी पद्मश्री मिळाली, ते गाव इथलंच. नागलीची भाकरी, कुळथाचं पिठलं, ठेचा आणि नंतर वाटीभर करवंदं असा बेत असेल तर काजवे नाही दिसले तरी चालेल, असं म्हणायचा मोह होतो.

एक गोष्ट मात्र पाहुण्यांना सांगावीच लागते. घाटघर, रतनवाडी हा धो-धो पावसाचा मुलूख, तरी मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. उतारावरून पाणी पळून जातं आणि धरणातलं पाणी खालच्या शेतांना. डोक्यावरून हंडे आणणाऱ्या घरी अंघोळीला दोन बादल्या मागू नयेत. एक दिवस बिनअंघोळीचा गेला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

आता पैशांचं बोलू. धरणाच्या काठाकाठाने तंबूंच्या रांगा वाढल्या आहेत. स्पीकर, रंगीत दिव्यांच्या माळा आणि मे महिन्याच्या उकाड्यातही 'बॉनफायर' हे सगळं पॅकेजात येतं. शेतकऱ्याला दोष द्यायला मी तयार नाही. गिऱ्हाईक मागतं ते तो ठेवतो. पुरुषवाडीसारख्या गावाने पाहुणे घरोघरी वाटून घेण्याची पद्धत लावली, तशी शिस्त इतरत्रही बसू शकते, पण आधी गिऱ्हाईकाची मागणी बदलायला हवी. इथे विकण्यासारखी खरी वस्तू अंधार आहे. मुंबई-पुण्यात तो कोणत्याही भावाने मिळत नाही, आणि माळा लावल्या की इथलाही संपतो.

म्हणून नोंदणीचा फोन कराल तेव्हा जेवणात काय आणि संडास कसा, हे जरूर विचारा, पण त्याआधी विचारा, "दादा, दिवे किती वाजता घालवता?" आठ वाजता, असं उत्तर आलं तर भावात घासाघीस करू नका. सांगतील त्यापेक्षा शंभर रुपये जास्तच द्या, आणि कशाचे दिले तेही त्यांना सांगा.