मळ्यावरचे पाहुणे

शेतकऱ्याला पीक काढणे जितके कष्टाचे, तितकेच ते विकणेही अवघड असते. नाशवंत फळांच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. आज तोडलेले फळ आजच खपले नाही, तर त्याची किंमत उतरते. अशा वेळी माल घेऊन गिऱ्हाइकामागे धावण्याऐवजी गिऱ्हाईकच मळ्यावर आले तर? अमेरिकेतील नॉट कुटुंबाने हेच साधले.

वॉल्टर नॉट याचा जन्म १८८९ साली कॅलिफोर्निया राज्यात झाला. तरुणपणी त्याने मोहावीच्या वाळवंटात १६० एकर जमीन मिळवून शेती करून पाहिली. परंतु त्या रुक्ष भूमीने त्याच्या श्रमांस दाद दिली नाही. पुढे १९२० साली पत्नी कोर्डेलिया व मुले यांसह तो ब्यूएना पार्क या गावी आला. तेथे एका नातलगाच्या भागीदारीत त्याने २० एकर जमीन खंडाने घेतली आणि बेरीची लागवड केली. मळ्याजवळून समुद्राकडे जाणारा रस्ता होता. मोटारींची संख्या वाढू लागली होती. वॉल्टरने रस्त्याच्या कडेला एक साधे दुकान मांडले. सहलीस जाणारे लोक तेथे थांबत व ताजी फळे घेऊन जात. १९२८ साली तेथे पक्की इमारत उभी राहिली. तीत फळे व रोपे यांच्या विक्रीबरोबर कोर्डेलियाचे लहानसे चहागृहही होते.

याच सुमारास एका नव्या फळाची वार्ता वॉल्टरच्या कानी आली. रुडॉल्फ बॉयसेन नावाच्या गृहस्थाने ब्लॅकबेरी, रास्पबेरी आणि लोगनबेरी यांच्या संकरातून एक वेल तयार केली होती. पण पुढे तो प्रयोग त्याने सोडून दिला होता. शोध घेता तणात दडलेल्या काही मरणोन्मुख वेली सापडल्या. वॉल्टरने त्या आपल्या मळ्यात आणून जगविल्या. त्यांस तुतीसारखी दिसणारी, पण पुष्कळ मोठी व रसाळ फळे आली. १९३२ च्या सुमारास ती विक्रीस आली. मूळ संशोधकाचा मान राखून वॉल्टरने त्या फळास 'बॉयसेनबेरी' हे नाव दिले.

तो काळ जागतिक मंदीचा होता. मिळकतीस हातभार लागावा, म्हणून जून १९३४ मध्ये कोर्डेलियाने पाहुण्यांस कोंबडीचे जेवण देण्यास आरंभ केला. पहिल्या संध्याकाळी आठच पाने वाढली गेली. त्यासाठी तिने आपल्या लग्नातील चिनी मातीची भांडी काढली होती. एका जेवणाची किंमत होती ६५ सेंट. मुलेही कामाला हात लावीत. या जेवणाची कीर्ती इतकी पसरली, की थोड्याच वर्षांत पाहुण्यांस तासन् तास ताटकळत राहावे लागू लागले.

खोळंबलेल्या माणसांचे मन रमवावे कसे? १९४० साली वॉल्टरने एक जुने खाणगाव उभारण्यास प्रारंभ केला. त्याची आजी छत असलेल्या गाडीतून वाळवंट ओलांडून कॅलिफोर्नियात आली होती. त्या पिढीच्या स्मरणार्थ त्याने जुन्या इमारती आणवून तेथे मांडल्या. १९५२ साली वाफेची आगगाडीही धावू लागली. ज्या जागी लोक केवळ फळांसाठी थांबत, तेथे ते आता दिवस घालविण्यासाठी येऊ लागले. शेतीच्या आधाराने पाहुण्यांचे आतिथ्य करण्याच्या अशा व्यवसायास आज कृषिपर्यटन म्हणतात.

या यशाचे मर्म सोपे आहे. नॉट कुटुंबाने एकदम मोठा बेत आखला नाही. दारी आलेल्या माणसास काय हवे, हे ओळखून त्यांनी एकेक पाऊल टाकले. फळातून मुरंबा, मुरंब्यापाठोपाठ जेवण आणि जेवणाच्या प्रतीक्षेतून करमणूक अशी ही साखळी वाढत गेली.

परंतु या वाढीची किंमतही द्यावी लागली. करमणुकीची साधने वाढली, तसतशी बेरीची शेते नाहीशी झाली. १९६८ साली भोवती कुंपण पडले व प्रवेशास पैसे द्यावे लागू लागले. कोर्डेलिया १९७४ साली व वॉल्टर १९८१ साली निवर्तला. १९९७ साली मुलांनी ते उद्यान एका कंपनीस विकले. कोंबडीचे जेवण आजही तेथे मिळते, बॉयसेनबेरीचा उत्सवही होतो. पण ज्या मळ्यामुळे पाहुणे आले, तो मळा मात्र उरला नाही. पाहुण्यांचे स्वागत करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याने या कथेचे दोन्ही भाग ध्यानी ठेवावेत.