मूठभर धान्य आणि दोन टक्के

विकसनशील देशांतील बहुतेक स्वयंसेवी संस्था देणगीदाराने आखून दिलेल्या मुदतीवर जगतात. प्रकल्पाचा निधी संपला की नेमलेली माणसे घरी जातात आणि काम अर्ध्यावर राहते. या अडचणीवरचा एक जुना तोडगा सातारा जिल्ह्यातील पाटणलगतच्या कराड तालुक्यातला आहे. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी ‘मुष्टिफंड’ उभारला. घरातील बाईने रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढायची आणि साठलेले धान्य वसतिगृहाला द्यायचे, एवढीच ती पद्धत होती. रोकड नसलेल्या घरालाही ती परवडे, आणि देणारी घरे अनेक असल्याने एकाने हात आखडला तरी चूल विझत नसे. दुष्काळात मात्र मूठही आटते, म्हणून ‘कमवा आणि शिका’ या योजनेतून विद्यार्थ्यांच्या श्रमाची जोड मिळाली. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांसाठी दागिने मोडले, हे आदराने सांगितले जाते. परंतु असा त्याग वारंवार करावा लागणे हे संस्थेचा जमाखर्च जुळत नसल्याचेच लक्षण मानावे लागेल. १९४८ मध्ये मुंबई सरकारने अनुदान रोखले, तेव्हा लोकांचा हा आधारच कामी आला.

आज मोठा पैसा निराळ्या वाटांनी येतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चायची असते; त्यात कंपनीच्या परिसराला प्राधान्य असल्याने कारखाने तुरळक असलेल्या डोंगरी भागांकडे हा ओघ सहजी वळत नाही. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चासाठी वापरता येणारा वाटा २०२० मध्ये पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणला गेला. हिशेबनिसाचा पगार आणि कार्यालयाचे भाडे यांना उधळपट्टी समजण्याची ही दृष्टी संस्थांना आतून पोखरते.

पाटण खोऱ्यातून मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांची ग्रामस्थ मंडळे गावासाठी वर्गणी काढतात, पण ती देवळाच्या जीर्णोद्धाराला जितकी चटकन जमते तितकी बालवाडीच्या ताईंच्या मानधनासाठी जमत नाही. त्यासाठी कायम निधी लागतो, म्हणजे मुद्दल न मोडता केवळ व्याज खर्चायची ठेव, आणि ती उभी करायला हात सैल असलेल्या चांगल्या वर्षातच सुरुवात करावी लागते.