बँकॉक शहरांतील उन्हाळ्याचा एक दिवस

सयामचा, म्हणजे हल्लींच्या थायलंडचा, नकाशा उघडल्यास बँकॉक शहर उत्तर अक्षांशाच्या चौदाव्या अंशाच्या किंचित् अलीकडे, जवळजवळ चेन्नईच्याच रेषेवर सांपडतें. सन 1767 मध्यें ब्रह्मी सैन्यानें अयुध्या ही जुनी राजधानी उद्ध्वस्त केली; पुढें 1782 मध्यें पहिल्या राम राजानें चाओ फ्राया नदीच्या पूर्वतीरावर ही नवी राजधानी वसविली. तेथील रहिवासी तिला 'क्रुंग थेप', म्हणजे देवांची नगरी, म्हणतात. तिचें संपूर्ण नांव एका दमांत म्हणवत नाहीं इतकें लांब आहे. तरी कान देऊन ऐकल्यास महानगर, अमर, रत्न, अयोध्या हे आपल्या ओळखीचे शब्द त्यांत उमजतात.

एप्रिल महिन्यांत आम्हीं हें शहर एकट्यानेंच पाहिलें. त्या महिन्याच्या अखेरीस मध्यान्हीं सूर्य येथें ठीक डोक्यावर येतो आणि मनुष्याची सावली त्याच्या पायांखालीं जाते. नागपुरास 43 अंशांचा उन्हाळा काढलेला मनुष्य बँकॉकचे 36 अंश ऐकून कदाचित् हंसेल. पण त्यानें आपल्या घरच्या माठाची आठवण करावी. कोरड्या हवेंत माठांतून पाझरलेलें पाणी झपाट्यानें उडून जातें, म्हणून आंतील पाणी गार होतें. पावसाळ्यांत मुंबईस तोच माठ कोमट राहतो. मनुष्याचें शरीरही असाच एक माठ आहे. बँकॉकची हवा समुद्राच्या सान्निध्यामुळें दमट असते. तींत घाम वाहतो, पण वाळत नाहीं, आणि न वाळणारा घाम शरीर निववीत नाहीं.

एकट्या प्रवाशास यांत एक विशेष धोका आहे. उष्मा फार झाला म्हणजे प्रथम विचारशक्तीच मंद होते. भोंवळ, मळमळ, बोलण्यांत असंबद्धता हीं चिन्हें सोबत्यास दिसतात. ज्याचीं त्यास बहुधा कळत नाहींत. म्हणून विश्रांति केव्हां घ्यावयाची हें थकल्यावर ठरवूं नये. सकाळीं डोकें थंड असतांनाच घड्याळाशीं करार करून बाहेर पडावें. दर तासास पाणी, मधून शहाळें, व बारा वाजतां छप्पर, हा आमचा करार होता.

राजवाडा साडेआठास उघडतो. तेव्हांच आंत शिरावें. खांदे व गुडघे झांकणारा पोशाख तेथें सक्तीचा आहे, म्हणून सैल सुती कपडेच बरे. वाटेंत एखादा सभ्य दिसणारा इसम 'आज राजवाडा बंद आहे' असें गोड शब्दांत सांगून आपणांस तीनचाकी गाडींतून दुसरीकडे नेऊं पाहतो. ती दुसरीकडची वाट बहुधा जवाहिऱ्याच्या दुकानांत संपते! नमस्कार करून सरळ दरवाजापर्यंत जावें.

राजवाड्याच्या आवारांतील मंदिरांत पाचूचा बुद्ध आहे. नांव पाचूचें असलें तरी मूर्ति दुसऱ्याच एका हिरव्या पाषाणाची असून उंची अवघी 66 सेंटिमीटर आहे. तिला उन्हाळा, पावसाळा व हिवाळा असे तीन ऋतूंचे तीन पोशाख आहेत, आणि ते बदलण्याचा मान राजाचा. सभोंवारच्या ओवऱ्यांत 178 चित्रांतून रामायणाची थाई कथा रंगविली आहे. तेथें रावण 'तोसकान' म्हणजे दशकंठ होतो, व आपला ब्रह्मचारी हनुमान चक्क रावणाच्या मत्स्यकन्येच्या प्रेमांत पडतो. आम्हांस हें प्रथम रुचलें नाहीं. पण कथा परदेशीं गेली म्हणजे तेथील पाणी पितेच. शिवाय ओवरींत सावली होती, त्यामुळें वाद घालण्याची आमची इच्छा लवकरच मावळली.

दुपार वाट फो या विहारांत काढावी. तेथील शयनस्थ बुद्ध 46 मीटर लांब व 15 मीटर उंच आहे; एवढी मूर्ति एका दृष्टिक्षेपांत मावत नाहीं, खांबांआडून तुकड्यातुकड्यानें पाहावी लागते. तळपायांवर शिंपल्यांच्या जडावानें 108 मंगल चिन्हें काढलीं आहेत. भिंतीलगत 108 पात्रांची रांग असून भाविक प्रत्येकांत एक एक नाणें टाकीत जातात. तो संथ किणकिणाट ऐकत बसलें असतां उकाड्याचा विसर पडतो. वैद्यक, अंगमर्दन इत्यादि शास्त्रांचें ज्ञान सर्वांस वाचतां यावें म्हणून येथें शिळांवर कोरून ठेविलें आहे. आम्हांस अवाढव्य मूर्तीहून या शिळांचें मोल अधिक वाटलें.

उन्हें उतरल्यावर होडीनें नदी ओलांडली कीं समोर वाट अरुण. सूर्याचा सारथि जो अरुण, त्याचें हें नांव. त्याच्या उंच शिखरावर चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांचीं फुलें जडविलीं आहेत. मौज ही कीं उषःकालाचें नांव धारण करणारें हें मंदिर पूर्वतीरावरून सूर्यास्ताच्या वेळींच सर्वांत सुंदर दिसतें. म्हणून आम्ही पुन्हां पलीकडे आलों.

रात्रींही उष्मा फारसा हटत नाहीं, कारण दिवसभर तापलेल्या सिमेंटाच्या भिंती व रस्ते तो सावकाश परत देत असतात. एके काळीं या शहरांत रस्त्यांपेक्षां कालवेच अधिक होते. त्यांतील पुष्कळ बुजवून त्यांवर रस्ते झाले. जे उरले आहेत त्यांतून व नदीवरून अद्याप होड्या चालतात, आणि वाऱ्याची झुळूक लागते ती तेथेंच. उतरण्याचा धक्का आला तरी आम्ही जागचे हललों नाहीं. आणखी एका धक्क्याचें भाडें देऊन पुढें गेलों.