नवे वाहन सदोष निघाल्यास दाद कशी मागावी?

वरोर, चिंचणी, वाणगाव भागातील अनेक बागायतदार चिकू व मिरची बाजारात नेण्यासाठी स्वतःचा पिकअप टेम्पो किंवा ट्रॅक्टर घेतात. तोडलेला चिकू थांबत नाही. त्यामुळे नवी गाडी महिनाभरातच तापू लागली वा गिअर अडकू लागला, तर नुकसान दुरुस्तीपुरते राहत नाही, माल वाया जातो. अशा वेळी विक्रेत्याकडे चकरा मारून तोंडी आश्वासनावर परतणे, हीच आपली मोठी चूक होय.

प्रत्येक खेपेस जॉबकार्ड मागून घ्यावे. त्यावर तारीख, किलोमीटर (ट्रॅक्टरचे तास) आणि नेमका दोष लिहिला आहे, हे पाहूनच सही करावी. नुसते 'सर्वसाधारण तपासणी' असे लिहिलेले जॉबकार्ड पुढे उपयोगी पडत नाही. एकच दोष दुरुस्तीनंतरही पुन्हा पुन्हा आला, हे दाखविणारी जॉबकार्डे मात्र वजनदार पुरावा ठरतात. वॉरंटीच्या मुदतीत गावातील गॅरेजमध्ये इंजिन उघडू नये.

त्यानंतर विक्रेता व उत्पादक कंपनी या दोघांनाही स्पीड पोस्टाने लेखी तक्रार पाठवावी. दोघांना का, हे गोव्यातील एका प्रकरणावरून कळते. तेथील ग्राहकाने २०११ सालची मोटार म्हणून पैसे भरले. गाडी निघाली २००९ सालची, ६२२ किलोमीटर चाललेली. सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी टाटा मोटर्सला जबाबदारीतून मुक्त केले, कारण फसवणूक विक्रेत्याची होती व कंपनीला ती ठाऊक असल्याचे सिद्ध झाले नव्हते. म्हणून बनावटीतील दोष कोणता आणि विक्रेत्याची कसूर कोणती, हे तक्रारीत वेगवेगळे मांडावे.

मागणीही विचारपूर्वक करावी. मारुती मोटारीच्या एका खटल्यात २००६ मध्ये याच न्यायालयाने, वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याची हमी असल्याने संपूर्ण मोटार बदलून देण्याचा आदेश रद्द केला व भरपाई दिली. तेव्हा भाग बदलणे, ते न जमल्यास पैसे परत व झालेल्या नुकसानीची भरपाई, अशा क्रमाने मागावे. बनावटीचा दोष सिद्ध करण्यासाठी जाणकार अभियंत्याचा लेखी अभिप्राय जोडावा. आयोगही तपासणी करवून घेऊ शकतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीच्या गावी जावे लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगच पाहतो. शुल्क ५ लाखांपर्यंत काही नाही, ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये. 'वाहन व्यापारासाठी घेतले' असा आक्षेप कंपनी हमखास घेते. स्वतः राबून उपजीविकेसाठी घेतलेले वाहन कायद्याने व्यापारी ठरत नाही. म्हणून सातबारा व माल विकल्याच्या पट्ट्या तक्रारीसोबत जोडाव्यात. प्राथमिक माहितीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे.