आजीचा चेहरा काळा का आला?

आमच्या गोंदियात कोणी कॅमेरा हातात घेतला की त्याला आधी सारस टिपायचा असतो. मलाही तेच हवं होतं. पण मागच्या पावसाळ्यात बेसिक फोटोग्राफीचा क्लास लावला, तर सर म्हणाले, "सारस राहू दे, आधी घरचं माणूस टिपून आण."

मुर्रीत आमच्या बांधीत रोवणी चालू होती. आजी हातात परे घेऊन उभी राहिली, मागे पांढरं आभाळ. मामाच्या जुन्या डीएसएलआरवर फोटो काढला. आभाळ झकास, आजीचा चेहरा काळा! एडिट करून उजळवला, तर गालावर नुसते दाणे.

झालं काय, तर कॅमेऱ्याला आजी कळत नाही, उजेड कळतो. फ्रेममधल्या उजेडाची सरासरी काढून तो ती मध्यम करड्या छटेवर आणू पाहतो. आभाळ जास्त, म्हणून त्यानं सगळंच अंधारवलं. आजी त्यात बुडाली.

अशा वेळी एक्स्पोजर प्लस एक करायचं. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवा, बहुतेक फोनमध्ये सूर्याचं चिन्ह येतं, ते वर सरकवा. आभाळ पांढरंफटक होईल, होऊ द्या. त्याहून सोपं म्हणजे धुऱ्यावर चढून वरून काढा. मागे आभाळाऐवजी चिखल येतो!

मला हे कळेपर्यंत रोवणी आटोपली होती. यंदा गुडघ्यांमुळे आजी बांधीत उतरलीच नाही. धुऱ्यावर बसून बायांना ओरडत होती. तसाच काढला. चेहरा दिसतोय, तोंड उघडं आहे.